आबांचं बोट

“तिकीट काढ म्हणावं त्याला. का माझ्या तेराव्याची वाट बघताय दोघं?” असं म्हणून गुणाजीआबा मांडीवरच्या गणपतीच्या पोटावर पॉलिश पेपर फिरवत राहिले.

नूतन कारखान्याच्या दारात फोन घेऊन उभी होती. फोनवर तिचा नवरा, विशाल. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करता करता त्याला त्रिनिदादच्या खत कारखान्यात नोकरी लागली, त्याला दीड वर्ष झालं. आता तिचा आणि मुलीचा, समूचा, व्हिसा आला होता. घर भाड्यानं घेतलं होतं, पाच वर्षांच्या समूसाठी शाळाही बघून झाली होती. अडलं होतं ते नूतनपाशी. सासूबाई गेल्यापासून जोह्यातल्या या घरात ती, समू आणि आबा अशी तिघंच होती. दोघी गेल्या की आबा एकटे.

“आबा, व्हिडिओवर आहेत हे. बोला.”

आबांनी हात पुसून फोन घेतला आणि थेट कानाला लावला.

“आबा, मला नुसता तुमचा कान दिसतोय!” विशाल तिकडून ओरडला.

“कान तरी बघ बापाचा. दीड वर्षात तोंड दाखवायला आलास काय?”

नूतनला हसू आलं. पण फोन परत घेतल्यावर तिनं विशालला स्पष्ट सांगितलं, “आबा एकटे नीट राहतील अशी माझी मला खात्री पटू दे. मगच येते.”

त्या दिवसापासून ती आबांवर नजर ठेवून राहिली.

खोट काढण्यासारखं काही सापडेना. आबा पहाटे उठत, विहिरीवरून स्वतःची बादली आणत. कारखान्यात तर त्यांचा हात अजून कुणाला ऐकत नव्हता. एकदा हाताखालच्या मोरूनं दोनदा तपासून ठेवलेली मूर्ती त्यांनी उचलली, बोटं फिरवली आणि म्हणाले, “डाव्या कानामागं सांधा राहिलाय रे. झोपला होतास काय?” मोरूनं बल्ब जवळ नेऊन पाहिलं. केसाएवढी रेघ होती.

मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मात्र त्यांनी गेल्या वर्षी मोरूकडं सोपवली होती. तीस वर्षं पंचक्रोशीतले लोक आबांच्या हातचे डोळे मागत यायचे. नूतननं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “मी हाय तोवर चुकू दे त्याला. नंतर चूक सांगायला कोण?” तिला ते पटलं.

संध्याकाळी ते समूचं बोट धरून एसटीच्या थांब्यापर्यंत फिरायला जात. एक दिवस नूतनही मागून निघाली. समूचं तोंड मिनिटभर बंद नव्हतं.

“आबा, म्हैस बसलीय. आबा, शेण. आबा, बायजाआजी आली. पिवळं लुगडं नेसलीय.”

“काय गो बायजाबाई, पिवळं लुगडं! कुणाच्या लग्नाला चाललीस?”

“गुणाजी, मसणात जायची वेळ आली तरी बायांची लुगडी बघायची सोडली नायस!” म्हातारी खो खो हसत गेली.

“समू, जरा गप बस गो,” नूतन म्हणाली. “आबांचं डोकं उठवलंस.”

“बोलू दे तिला,” आबा म्हणाले. “तिकडं गेल्यावर कोण बोलणार हाय तिच्याशी आपलं?”

शेवटी नूतननं मनातल्या मनात एक परीक्षा ठरवली. तिचं माहेर रोह्याचं. “जायच्या आधी समूला माझ्या आईला भेटवून आणता काय, आबा? मला बॅगा भरायच्यात,” ती म्हणाली. जोह्याहून पेण, पेणला गाडी बदलून रोहा, आणि संध्याकाळच्या आत परत. एवढं जमलं तर जायचं.

ती थांब्यावर सोडायला गेली. समोरून गाडी येत होती.

“वाच बघू पाटी,” आबा समूला म्हणाले. “शाळेत काय शिकवलानी ते कळू दे.”

“पे... ण. पेण!”

“हुशार गो माझी बाय.”

दिवे लागायच्या आधी दोघं रोह्याच्या पोह्यांची पिशवी घेऊन दारात हजर. पाठोपाठ आईचा फोन. “व्याही ठणठणीत आहेत गो. पोरीचं बोट क्षणभर सोडलं नाय त्यांनी. इतकी माया!”

त्याच आठवड्यात तिकिटं निघाली. दोन वेळचं जेवण पोचवायचं बायजाबाईनं कबूल केलं.

निघताना आबांनी समूचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. साच्यातून नुकतीच निघालेली मूर्ती तपासावी तशी बोटं कपाळावरून भुवयांवर, गालांवर, हनुवटीवर फिरवली. फार वेळ. नूतननं तोंड फिरवून डोळे पुसले.

“आबा, तिसऱ्या पायरीनंतर दगड हाय. लक्षात ठेवा,” समूनं बजावलं.

“व्हय, मास्तरीणबाई,” आबा म्हणाले, आणि सगळेच हसले.

दोन विमानं बदलून त्या त्रिनिदादला पोचल्या. घरांच्या अंगणात बांबूवर लाल-पिवळे झेंडे, माणसं आपल्यासारखीच दिसणारी, पण भाषा कळेना. सोमवारी नूतन समूला शाळेत सोडायला निघाली. समूनं तिचं बोट घट्ट धरलं होतं.

“आई, गटार. आई, पायरी. आई, कुत्रा झोपलाय, या बाजूनं ये.”

“अगो, दिसतंय मला,” नूतन हसून म्हणाली. “सगळं काय सांगत बसतेस?”

समू थांबली. तिनं आईकडं नीट बघितलं.

“तुला दिसतं. आबांना नाय ना दिसत. विमानात बसेपर्यंत आईला सांगायचं नाय, म्हणाले होते.” मग तिनं नूतनचा हात ओढला. “आई, आता त्यांना कोण सांगतं गो?”