आजोबांचा फास

बोलिव्हियात आम्ही आयमारा बायका गिऱ्हाइकांना हिमशिखरावर नेतो, तेव्हा दोराच्या शेवटी एक फास रिकामा ठेवतो, डोंगरआजोबांसाठी, म्हणजे डोंगरात राहणाऱ्या आमच्या पूर्वजदेवासाठी.

त्या दिवशी दोरावर पुढे मी होते, मध्ये गिऱ्हाईक आणि मागे माझी नणंद प्रिमितिवा. धुकं उतरलं.

"मागून ओढू नका हो," गिऱ्हाईक कुरकुरलं.

"मी कुठे ओढतेय? मलाच कुणीतरी ओढतंय," प्रिमितिवा म्हणाली.

"कोकाची पानं जास्त चघळलीस वाटतं," मी म्हटलं.

ओढ थांबली. तिनं मागचा दोर हातांनी गोळा केला.

"वहिनी, दोर आहे, पण फास नाहीये. आजोबा गाठ सोडून गेलेत."

माझ्यापुढे कोरा बर्फ होता. दोर माझ्या कमरेपाशीच संपत होता.

तेवढ्यात कमरेला हळूच हिसका बसला. पुढून.