फोल्करचं अकॉर्डियन

खालच्या मजल्यावरच्या फोल्करनं गळ घातली, म्हणून गुंडुलानं त्याचं अकॉर्डियन आपल्या नावानं ऑनलाइन विकलं. "ठणठणीत आहे गं!" असं तो म्हणाला, तेच तिनं जाहिरातीत लिहिलं. प्रत्यक्षात एक पट्टी दाबली, की ती अडकून म्हशीसारखी हंबरत राही. गिऱ्हाईक थेट कोर्टात गेलं. विकणारी गुंडुला, तेव्हा फोल्करच्या खिशात गेलेले पैसे तिनंच पदरमोड करून परत केले आणि बाजा तिच्याच गळ्यात पडला.

"नाव तुझं ना? मग निस्तर तूच!" फोल्कर सॉसेज चघळत म्हणाला.

त्यांच्या इमारतीत रोज दोन तास वाद्य वाजवायची मुभा आहे. महिन्याभरात फोल्कर काकुळतीला येऊन वर आला. "अगं बाई, विकून टाक ते एकदाचं!"

"कुणाच्या नावानं?" असं विचारून गुंडुलानं तीच पट्टी दाबली.