गोल चर्चचा शेवटचा गिलावा

"परत तेच!" रेजिना तुस्कानोने कानांवरचे हेडफोन ओरबाडून काढले.

उत्खननात सापडलेल्या त्या गोल चर्चची भिंत आता जेमतेम कमरेएवढी उरली होती. मधोमध बाप्तिस्म्याचं कोरडं कुंड होतं. दीड हजार वर्षांपूर्वी चुना सुकताना भोवती जे बोललं गेलं, ते गिलाव्यात थिजून राहिलं होतं. यंत्र ते ऐकवायचं, पण एकदाच. मग तेवढ्या गिलाव्याचं पीठ होऊन गळून पडायचं.

रेजिनाला इथली पहिली प्रार्थना हवी होती. आणि या शेवटच्या तुकड्यातूनही निघाला तो गवंड्यांवर खेकसणारा मुकादमच! यंत्राने त्याचंही इमानेइतबारे मराठी केलं होतं: "हात चालवा, आळशांनो! भिंत खडखडीत वाळल्याशिवाय पाद्री आत पाऊल टाकणार नाहीत!"

म्हणजे प्रार्थना झाली तेव्हा चुन्याचे कान कधीच मिटलेले होते. आणि हे कळेपर्यंत तिने अख्ख्या भिंतीचा जुना गिलावा संपवला होता.

"चार वर्षं मातीत घातली मी! या मेल्याची बडबड ऐकायला?" ती ओरडत सुटली.

पलीकडे सिल्वेस्टर डाबरे ढासळलेल्या बाजूला नवा गिलावा करत होता. हल्ली डागडुजी करणारे कामावर चकार शब्द काढत नसत. तो थापी थांबवून तिच्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? हात चालव, आळशा!"

सिल्वेस्टरने ओठांवर बोट ठेवलं आणि थापीने समोरचा ओला चुना दाखवला.