अर्धवट दालन

"आता ही गंमत ऐका!" म्हणत मृणालिनीने मोबाइल माइकजवळ धरला. लेण्यांच्या पायथ्याच्या त्या गावात, देवळापुढच्या मांडवात एका म्हाताऱ्याचा आवाज घुमला, "ही लेणी माणसाच्या हातची नव्हेतच. परग्रहावरून आलेल्यांनी कोरलीत." व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत तो निरोप तिच्यापर्यंत पोचला होता. कुणाचा, ते तिला ठाऊक नव्हतं.

"भिंतींवर छिन्नीचे घाव अजून दिसतात," ती म्हणाली. "मागचं एक दालन तर अर्धवटच राहिलंय. परग्रहावरची मंडळी काय, जेवायला गेली ती परत आलीच नाहीत?"

शहरात या वाक्याला हमखास हशा पिकायचा. इथे बायकांनी तोंडाला पदर लावला आणि सगळा मांडव तिच्या शेजारच्या खुर्चीकडे बघू लागला. तिनेही पाहिलं. अध्यक्ष गव्हाणे गुरुजी मान खाली घालून मांडीवरच्या शालीची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होते. मघाशी घरी चहा देताना तेच म्हणाले होते, "आमच्या लेण्यांवर बोलायला कुणी येत नाही हो." तोच आवाज. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाषण तिने कसंबसं गुंडाळलं. सत्काराला गुरुजी उठले, शाल तिच्या खांद्यांवर नीट पांघरली, हातात नारळ दिला आणि माइककडे पाठ करून हळूच म्हणाले,

"ताई, ते दालन मी लहानपणापासून बघतोय, पण ते असं कधी बघितलं नव्हतं. उद्या तिथे नेऊन समजावाल मला? फक्त हसू नका."