सोमवारचा भोंगा

दर सोमवारी बरोबर दहाला भोंगेवाले काका कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजवून बघत. पहिल्याच सोमवारी पॅकिंगमधली नवी मुलगी छाती धरून दारापर्यंत पळाली. सगळे खो खो हसले.

"अजून धडधडतंय हो काका!"

"बस खाली, पाणी पी. चार सोमवार जाऊ देत. मग भोंगा कानावर पडला तरी डोकंच काळजाला सांगेल, घाबरू नकोस, सोमवार आहे."

तसंच झालं. पुढे तर ती भोंग्यावरून घड्याळ लावू लागली.

आजही सोमवारच. दहाला दोन मिनिटं कमी असताना काकांसमोरचा गॅसगळतीचा लाल दिवा लागला. त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. सोडलं की भोंगा बंद. मोकळा हात हलवत ते केबिनच्या काचेआडून जीव खाऊन ओरडत राहिले. त्या आवाजात त्यांचं कोण ऐकणार!

मुलीने मान वर केली, हसून काकांना हात केला आणि मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे केलं.