उंबरखोऱ्याचा फोन

"फोन आहे तुमच्या गावात," अहिरे साहेब फाइलीतून मान वर न काढता म्हणाले. "चौदा महिने झाले बसवून."

"कुठं बसवलाय?" सहादूचा आवाज चढला. "माझ्या डोक्यावर?"

शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. वळेनात का! पेठच्या डोंगरातून पहाटेची एसटी धरून माणूस नाशिकच्या टेलिफोन कचेरीत येतो, तो काय चहा प्यायला?

उंबरखोऱ्यात फोन नव्हता. खांब नव्हता, तार नव्हती, साधा डबासुद्धा नव्हता. एवढंच सांगायला सहादूची ही चौथी खेप.

श्रावणात त्याची सून कुसा बाळंतपणात अडली. जीप आणायला तिचा नवरा बुधा आठ मैल चिखल तुडवत पळाला. जीप आली तेव्हा कुसाही गेली होती आणि पोटातलं लेकरूही. तिचे दिवस घातले, तेव्हा आलेला तलाठी सहज बोलून गेला, "अहो, फोन करायचा ना. तुमच्या गावाचं नाव तर फोनवाल्या गावांच्या यादीत आहे." त्या दिवशी सहादूच्या डोक्यात जी आग शिरली, ती काही केल्या विझेना.

"साहेब, आज एकतीस मार्च. आज यादी पक्की झाली की आमचं गाव कायमचं फोनवालं ठरलं. मग कुत्रं तरी विचारील का आम्हाला?"

अहिरे तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे बघा सहादूभाऊ, धोरण बदललंय. पूर्वी आमचा माणूस गावोगाव जाऊन फोन बघायचा. वर्ष वर्ष जायचं त्यात. आता सगळं सुटसुटीत केलंय. दर महिन्याला इथून नंबर लावायचा, गावच्या माणसानं उचलला की 'चालू' असा शेरा मारायचा."

"आन् उचलतं कोण?"

"एक बाई उचलते. मी स्वतः बोललोय. चांगली तुमच्या हेलात बोलते. फोन बिनतारी आहे, त्याला खांब लागत नाही. ठेकेदारानं रीतसर बसवलाय, सरपंचाची सही आहे."

"अंगठा देणारा सरपंच आमचा, त्याची सही कुठून आली?"

सहादू धपकन खुर्चीत टेकला. पायाशी त्याची पिशवी होती. नागलीच्या भाकरी, उडदाचं भुजं, फडक्यात बांधलेली मिरची. हे सगळं सवितासाठी. थोरली लेक, नवऱ्यानं टाकलेली. गेल्या साली संक्रांतीला पंचवटीत एका मालकाकडे कामाला लागली. मालकाला मुद्दाम डोंगराकडचीच बाई हवी होती. शहरात ज्या बोलीला लोक फिदीफिदी हसतात, तिची कुणाला तरी किंमत आली, याचं सहादूला कोण कौतुक! काम हलकं, झाडलोट आणि पोळ्या. अट एकच, दहा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मालक एवढा कडक, की कुसाच्या दिवसांनासुद्धा तिला सोडलं नाही. पण घरची चूल पेटत होती ती सविताच्या पगारावर. पाच वाजले की तिला भेटून मगच परतीची गाडी धरायची, असं त्यानं ठरवलं होतं.

"लावा फोन," सहादू म्हणाला. "माझ्यासमोर लावा. मी बोलतो."

"आणि खरंच गावातूनच बोलत असतील तर?"

"तर माझी तक्रार खोटी म्हणून लिहा, मी अंगठा देतो. पण लबाडी निघाली ना साहेब, तर ठेकेदाराला मागाहून धरा. आधी त्या बाईला जेलात घाला. दर महिन्याला 'फोन चालू हाय' म्हणते काय! माझी कुसा तिनं मारली. तिच्या तोंडात किडे पडतील!"

"ठीक आहे," अहिरे म्हणाले. "गावची नसेल तर तिच्यावर पोलीस केस. आत्ता, तुमच्यासमोर."

त्यांनी नंबर लावला. दोन घंट्या झाल्या.

"उंबरखोरं का? फोन चालू आहे ना? बरं, इथं तुमच्या गावचेच एक जण आलेत. त्यांच्याशी बोला."

सहादूनं रिसीव्हर जवळजवळ हिसकावूनच घेतला. सात महिने साठवलेल्या शिव्या ओठांवर येऊन थांबल्या होत्या.

"कोण गं तू? कुठून बोलतीस?" तो ओरडला.

"उंबरखोऱ्यातून बोलते. फोन चालू हाय. कायपण तक्रार ना..."

आवाज मध्येच तुटला. पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता.

"काय हो?" अहिरेंनी पेन उघडलं. "गावची आहे का ही बाई? नसेल तर सांगा, लगेच लिहितो."

सहादूनं पायाशी पडलेली पिशवी जवळ ओढली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"सवे," तो म्हणाला, "जेवलीस का गं?"