अप्पांचा नियम

रसिका अंघोळ करून बाहेर आली तेव्हा घरात वीज नव्हती. ती अंगावर पाणी घेत असतानाच दिवा गेला होता. तिच्या नवऱ्याने, प्रीतमने, दाराबाहेरूनच सांगितलं होतं की लाईट गेलेत, मी निघतो, ऑल द बेस्ट. नवरा असावा तर असा, घाईतसुद्धा शुभेच्छा विसरत नाही.

समोरच्या घरात मात्र मिक्सर घरघरत होता. म्हणजे वीज फक्त आपलीच गेली. आज तिला ठाण्याच्या एका कॉलेजात क्लार्क म्हणून रुजू व्हायचं होतं. आज आली नाहीस तर पुढच्या नावाला बोलावू, असं तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलेलं. डोंबिवलीच्या या दोन खोल्यांतून ती बाहेर पडायला निघाली की दर खेपेला ऐनवेळी माशी शिंकायची. कल्याणच्या दवाखान्यात मुलाखत होती त्या दिवशी इस्त्री बंद पडली. बँकेतून बोलावणं आलं त्या दिवशी टेबलफॅन.

वस्तू बंद पडली म्हणून कुणी घरात अडकून पडतं का? पडतं, सासरे धाकूअप्पा असतील तर. अप्पा निवृत्त वायरमन. घरातल्या यंत्राला परक्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे, आणि बिघडलेली वस्तू समोर असली की त्यांना घास गिळत नसे. हात मात्र आता थरथरत. मागच्या वर्षी स्टुलावरून पडून मनगट मोडलं, तेव्हापासून प्रीतमची एकच अट होती: अप्पांनी काही उघडलं की जवळ माणूस हवं. माणूस म्हणजे अर्थात रसिका.

आत्ताही अप्पा पूजा अर्धी टाकून उठले. रबरी चपला घालून, टेस्टर घेऊन दारावरच्या बोर्डाखालच्या स्टुलावर चढले. झाकण उघडलं आणि थबकले.

"फ्यूजच नाही," ते म्हणाले. "खाच रिकामी आहे."

टेस्टर टेकवला तर वरच्या टोकाला त्याचा दिवा लागला. तिथवर वीज जिवंत होती, आणि तिच्यापासून चार बोटांवर अप्पांचा हात थरथरत होता. रसिकाने स्टूल घट्ट धरला.

उडालेला फ्यूज असता तर अप्पांनी तार बदलून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घर उजळलं असतं. पण फ्यूज आपणहून चालत जात नाही. आणि या घरात त्याबद्दल एक नियम होता: जो फ्यूज काढेल त्याने काम संपेपर्यंत तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, फळीवर नाही. कुणीतरी बघतो, परत बसवतो आणि तारेत हात घातलेला माणूस जातो. अप्पांचा एक सोबती तसाच गेला होता. प्रीतमलाही त्यांनी लहानपणी टपल्या मारून हेच पढवलेलं. बाकीची विद्या त्याच्या डोक्यावरून गेली. बल्बसुद्धा तो अप्पांकडून बदलून घेई.

रसिकाने एका हाताने प्रीतमला फोन लावला.

"अगं मग जा ना, मी कधी अडवलंय तुला?" तो म्हणाला. "फक्त अप्पांना बोर्डाजवळ एकटं सोडू नकोस. गंगुबाईंना बसव."

शेजारच्या गंगुबाई संकष्टीसाठी पहाटेच टिटवाळ्याला गेल्या होत्या. हे प्रीतमला सांगितल्यावर तो हळहळला. कॉलेजला फोन करून दुसरी तारीख माग, म्हणाला.

फोन ठेवला आणि रसिकाला इस्त्री आठवली. वायर स्क्रूपासून निसटली होती. फॅनमध्येही तेच. तेव्हा अप्पा दोन्ही वेळा पुटपुटले होते की ही सुटलेली नाही, कुणीतरी सफाईने सोडवलीय. घरात इतका सफाईदार हात होता कुणाचा? जित्याची खोड, दुसरं काय. दुपारी गरम पोळी आणि बोलायला माणूस मिळावं म्हणून म्हातारा तिला पिंजऱ्यात ठेवत होता. आणि वर फ्यूजच नाही, म्हणून साळसूदपणे सांगत होता.

"अप्पा, फ्यूज द्या," ती म्हणाली.

"माझ्याकडे कुठला?"

"तुमचाच नियम आहे ना? खिसा बघा."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश खिसे उलटे केले. चष्म्याचं घर, बीपीची गोळी, चिकटपट्टी. रसिकाचा तरीही विश्वास बसेना. तिला रडू येत होतं आणि रागही आवरत नव्हता.

"मी जायला नकोय ना तुम्हाला? तसं तोंडावर सांगा. अशा वस्तू कशाला मोडता?"

अप्पांनी झाकण लावलं. मग ते तिचा खांदा धरून खाली उतरले. झाकण लावलं. स्टूल उचलून तिच्या हातात दिला.

"हा खालच्या वॉचमनकडे ठेव आणि जा. तू येईपर्यंत मी कशाला हात लावणार नाही. अंधारात बसेन. हजर होऊन ये, बाळा."

इतकं सोपं होतं तर. तिला एकदम लाज वाटली. उगाच बोलले म्हाताऱ्याला, असंही वाटलं. पण आता थांबायला वेळ नव्हता. पर्स घेतली, कागद घेतले, आणि ओढणीसाठी ती आतल्या खोलीत धावली. ओढणी दारामागच्या खिळ्याला होती, प्रीतमने घाईत काढून टांगलेल्या नाईट पँटच्या खाली. तिने दोन्ही एकदमच ओढलं. पँटच्या खिशातून काहीतरी निसटून फरशीवर ठणकन आपटलं.

"काय पडलं गं?" अप्पांनी बाहेरून विचारलं.

प्रीतमची पँट हातात तशीच धरून रसिकाने खाली पाहिलं. तिच्या पायाशी पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज पडला होता.